जसं आहे तसं



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर दोघा-तिघांनी विचारलं, "मास्तर, ऑफिसात नवा कॉम्प्युटर घेतला का? सर्टिफिकेट आता लगेच निघतं." नवा घेतलेला नाही. डबा तोच, मॉनिटर तोच, कीबोर्डवरची पुसून गेलेली अक्षरंही तीच. डब्याच्या आतली हार्ड डिस्क काढून तिथं एसएसडी बसवली आणि जुन्या डिस्कवर होतं ते सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवलं, एवढंच. याला क्लोनिंग म्हणतात. मी मराठी वाङ्मय घेऊन बीए झालेला माणूस, या यंत्रविद्येत मला गती नाही. पण हे काम होत असताना मी पूर्ण वेळ शेजारी बसून होतो, आणि ते कसं करतात हे आपल्या इतर चर्चमधल्या कार्यालयं सांभाळणाऱ्यांना कळावं असं वाटलं. शिवाय त्या दोन दिवसांत काही गोष्टी मनात आल्या, त्या संगणकाच्या नव्हत्या.

आधी त्या डिस्कवर काय होतं ते सांगतो.

आपला आदिलाबाद धर्मप्रांत १९९९ मध्ये चांदा धर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याआधीच्या मिशनच्या काळापासूनच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आमच्या ऑफिसात आहेत. बेला आणि जैनथकडच्या गावांतल्या, पैनगंगेच्या अलीकडल्या-पलीकडल्या घरांतल्या मुलांची नावं त्यांत आहेत. या सगळ्या वह्यांचे फोटो काढून ते कॉम्प्युटरवर ठेवले होते. ते काम झाल्यानंतर दोन पावसाळ्यांत छपराची गळती भिंतीत उतरली, आणि भिंतीतून वाळवी कपाटात शिरली. एका वहीची मधली ४६ पानं तिनं खाल्ली. पुठ्ठा शाबूत, शिवण शाबूत, आत माती. त्या ४६ पानांवरची नावं आता फक्त त्या डिस्कवर राहिली होती.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. आपली मुलं शाळेत तेलुगू शिकतात, घरी मराठी बोलतात, आणि प्रार्थना मराठीतून करतात. धर्मप्रांतातून येणारं साहित्य बहुतेक तेलुगूत किंवा इंग्रजीत असतं, ते ठीकच आहे. पण पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या मुलांसाठी मराठी प्रश्नोत्तरं, रविवारची विश्वासूंची प्रार्थना, गाण्यांची चोपडी, क्रूसाच्या वाटेची पुस्तिका, हे सगळं आधीच्या मास्तरांनी आणि सिस्टरांनी वर्षानुवर्षं स्वतः टाइप करून ठेवलेलं. ते श्री-लिपीत आहे. ज्यांनी जुन्या काळी मराठी टायपिंग केलंय त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. युनिकोडच्या आधीच्या त्या फाँटमध्ये लिहिलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली आणि तिथं तो फाँट नसला, तर 'हे आमच्या स्वर्गातील बापा'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून नुसत्या फाइली पेनड्राइव्हवर काढल्या की झालं, असं आमच्या बाबतीत नव्हतं. विंडोज, तो फाँट, तो टाइप करण्याचा जुना प्रोग्राम आणि त्याची मांडणी, सगळं एकत्र उचलून न्यायचं होतं. क्लोनिंगचा उपयोग इथं होतो. नव्यानं विंडोज घालायची तर जुने प्रोग्राम पुन्हा मिळवावे लागतात, आणि पंधरा वर्षांपूर्वीची सीडी कोणाकडे असते?

डिस्कनं मार्चपासूनच सांगायला सुरुवात केली होती. कॉम्प्युटर चालू व्हायला चार-चार मिनिटं लागायची आणि मधूनच आतून टक्-टक् असा आवाज यायचा. हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या मिनिटाला काही हजार फेऱ्या फिरत असतात, आणि त्यांच्या अगदी वर, केसापेक्षा कितीतरी कमी अंतरावर, एक वाचणारी सुई तरंगत असते. चालती-फिरती वस्तू आहे, झिजायचीच. त्यात आपल्याकडचा एप्रिल. एसएसडीत फिरणारं काही नसतं, सगळं चिपवर साठवलेलं असतं, म्हणून ती झटपट चालते.

आमच्याच युवा गटातला एक मुलगा आदिलाबाद शहरात मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो संध्याकाळी दुकान बंद करून आला. आल्या आल्या स्क्रूड्रायव्हर काढेल असं वाटलं होतं. त्यानं तो काढलाच नाही. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक छोटा, फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, ती हा प्रोग्राम वाचून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध राहा, लाल म्हणजे वाईट. आमची पिवळी होती.

"मास्तर, हे दोन आकडे बघा," तो म्हणाला. एक आकडा खराब झाल्यामुळे डिस्कनं कायमच्या बाजूला टाकलेल्या जागांचा, तिथला मजकूर तिनं राखीव जागेत हलवलेला असतो. दुसरा आकडा वाचताना अडखळणाऱ्या आणि अजून निकाल न लागलेल्या जागांचा. पहिला वाढलेला होता, दुसरा शून्य होता. "दुसरा शून्य आहे म्हणून साधं क्लोनिंग जमते. तो वाढला असता तर वेगळी पद्धत लागली असती." त्या वेगळ्या पद्धतीत डीडीरेस्क्यूसारखा प्रोग्राम वापरतात. तो आधी नीट वाचता येणारा भाग पटापट उतरवून घेतो आणि बिघडलेल्या जागांकडे शेवटी वळतो, कारण मरणाऱ्या डिस्कवर एकाच ठिकाणी घासत बसलं तर ती उरलेलंही घेऊन जाते. आणखी एक गोष्ट त्यानं बजावून सांगितली, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. डिस्क अशी आवाज करायला लागली की 'रिपेअर' करणारे प्रोग्राम आधी चालवू नयेत. आजारी माणसाला आधी घरी आणावं, व्यायाम नंतर. आधी प्रत, मग दुरुस्ती.

मग त्यानं पहिलं काम केलं ते क्लोनिंगचं नव्हतंच. वह्यांचे फोटो, मराठीच्या फाइली आणि विवाहाची कागदपत्रं एका बाहेरच्या डिस्कवर साधी कॉपी करून घेतली. "उद्या क्लोन करताना काही उलटसुलट झालं तर हे हातात पाहिजे." क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे, हा फरक मला त्या संध्याकाळी कळला. क्लोन करताना सगळं काही एका चालीत होतं आणि एका चुकीत जाऊही शकतं. म्हणून क्लोनच्या आधी बॅकअप.

कॉपी चालू असताना त्यानं मला एक प्रश्न विचारला. तो खट्याळपणे विचारला होता, पण मला तो रात्रभर पुरला. "मास्तर, तुम्हीच शिकवता ना की आपली नावं स्वर्गात लिहिलेली आहेत? मग या डिस्कसाठी एवढा जीव काहून टाकता?"

येशूनं बहात्तर शिष्यांना नेमकं हेच सांगितलं होतं. भुतं तुमच्या ताब्यात आली यापेक्षा तुमची नावं वर लिहिली गेली याचा आनंद माना, अशा अर्थाचं ते बोलणं लूकच्या शुभवर्तमानात आहे. वाळवी तिथं पोचत नाही. त्या ४६ पानांवरच्या एकाही लेकराचा बाप्तिस्मा डिस्क बंद पडली म्हणून पुसला जाणार नव्हता. देवाला आमच्या वहीची गरज नाही.

गरज बायांना-माणसांना आहे. त्याच आठवड्यात बेल्याकडून एक मावशी आली होती. एका दिवसाची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून. मुलीचं लग्न नागपूरच्या मुलाशी ठरलेलं, आणि तिथल्या फादरांनी बाप्तिस्म्याचा नुकताच काढलेला दाखला मागितला होता. हा दाखला ताजाच लागतो, कारण माणसाचं पुढं जे होतं, लग्न वगैरे, ते बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीच लिहून ठेवायची चर्चची रीत आहे. दाखला ताजा असला म्हणजे समोरच्याला कळतं की त्या नोंदीशेजारी आजवर काय लिहिलं गेलंय. मावशीला मुलीच्या बाप्तिस्म्याचं वर्षही नक्की आठवत नव्हतं. "त्या वर्षी कापूस लई झाला होता आणि भाव पडला होता," एवढं सांगत होती. आम्ही वही उघडली, नाव सापडलं. ते नाव वाळवीच्या वहीत असतं तर? साक्षीदार शोधून त्याच्या निवेदनावर काम होऊ शकतं, चर्चचा कायदा ती सोय ठेवतो. पण त्या मावशीनं मजुरी सोडून साक्षीदार शोधत फिरायचं ते कोणाच्या भरवशावर? वही सांभाळण्याचं काम आमचं आहे, त्याचा दंड तिनं का भरावा?

मला यिर्मयाच्या पुस्तकाचा ३६वा अध्याय आठवला. यिर्मयानं तोंडानं सांगितलं आणि बारूखानं गुंडाळीवर शाईनं उतरवून घेतलं. ती गुंडाळी मंदिरात लोकांपुढं वाचली गेली, मग राजवाड्यात पोचली. नववा महिना, थंडीचे दिवस, राजा यहोयाकीम शेगडीजवळ बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की तो लेखकाच्या चाकूनं तेवढा तुकडा कापायचा आणि विस्तवात टाकायचा. असं करत करत सगळी गुंडाळी जळाली. त्या मजकुराची दुसरी प्रत असल्याचं तिथं कुठंच म्हटलेलं नाही. मग देवानं यिर्मयाला दुसरी गुंडाळी घ्यायला सांगितली, बारूख पुन्हा बसला, सगळं पुन्हा लिहून झालं, वर आणखी पुष्कळ भर पडली. या अध्यायावर आपण प्रवचनं ऐकतो ती राजाच्या उद्धटपणावर. मी त्या रात्री बारूखाचा विचार करत होतो. त्याला दुसऱ्यांदा लिहिता आलं कारण सांगणारा जिवंत होता, आणि सांगवणारा देव होता. आमच्या ४६ पानांचा बाप्तिस्मा देणारे फादर देवाघरी गेले. धर्म-आईवडिलांपैकी अनेक जण गेले. ती नावं पुन्हा सांगणारा यिर्मया आमच्याकडे कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला कामाला सुरुवात केली, ऊन चढायच्या आधी आणि विजेचा लपंडाव सुरू व्हायच्या आधी. यूपीएस लावलेला होताच. वीज गेलीच असती तरी जुन्या डिस्कला तसा धोका नव्हता, कारण क्लोन करताना तिच्यावर काही लिहिलं जात नाही, ती फक्त वाचली जाते. अर्धवट राहिली असती ती नवी, आणि ती पुन्हा पहिल्यापासून करता आली असती.

आता सगळ्यात जोखमीची जागा. जुनी डिस्क ५०० जीबीची. नवी एसएसडीही ५०० चीच घेतली होती. ४८० जीबीची थोडी स्वस्त मिळत होती, पण आम्ही वापरणार होतो तो क्लोनझिला नावाचा मोफत प्रोग्राम नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच मागतो. काही दुसरे प्रोग्राम लहान डिस्कवरही उतरवून देतात, वापरलेली जागा तिच्यात मावत असेल तर. आम्ही सरळ मार्ग घेतला. पण त्यामुळे झालं काय, की दोन्ही डिस्का दिसायला सारख्या. विंडोजमध्ये दोन्हीवर ४६५ जीबी असंच दिसतं, कारण कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि विंडोज १०२४च्या. क्लोनझिला पेनड्राइव्हवरून चालू होतो, तेव्हा विंडोज झोपलेलं असतं. तो काळ्या पडद्यावर दोन नावं दाखवतो आणि विचारतो, कुठून घेऊ? मग विचारतो, कुठं ठेवू? इथं उलट उत्तर दिलं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. कोरेपणाची अगदी तंतोतंत प्रत तयार होते, आणि जुनं सगळं गेलेलं असतं. क्लोनिंगमध्ये माहिती जाऊ शकते ती अशी.

त्या मुलानं आकारावर भरवसा ठेवला नाही. दोन्ही डिस्कांच्या पाठीवर छापलेले सीरिअल नंबर आदल्या संध्याकाळीच कागदावर लिहून घेतले होते. जुनीच्या नंबरापुढे 'इथून', नवीच्या नंबरापुढे 'इथे'. पडद्यावरचे नंबर त्यानं मोठ्यानं वाचले आणि कागदावरचे मी वाचले. मग बटण दाबलं. प्रोग्रामनं बजावलं की नव्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल ना? हो म्हटलं. त्यानं तेच पुन्हा विचारलं. पुन्हा कागद बघितला, पुन्हा हो म्हटलं. ही दोनदा विचारायची पद्धत मला फार आवडली. बाप्तिस्म्याच्या वेळी आपणही सैतानाचा त्याग करता का हे एकदाच विचारून थांबत नाही.

सुमारे १८० जीबी मजकूर होता आणि कॉम्प्युटरचं यूएसबी जुनं, म्हणून पावणेदोन तास लागले. सकाळची प्रार्थना आम्ही तिथंच केली.

प्रत उतरत असताना मी त्याला म्हटलं, या कॉम्प्युटरवर किती कचरा आहे, तोही सगळा नव्या डिस्कवर जाणार का? एकाच परिपत्रकाच्या सात-सात प्रती, कुणीतरी उतरवलेले चित्रपट, चुकीच्या स्पेलिंगची नावं. तो म्हणाला, "सगळं जाणार, चुकासुद्धा. नेताना निवडत बसायचं नाही. आधी जसं आहे तसं जाऊ द्या, साफसफाई मग निवांत."

हे वाक्य त्याच्या दुकानातलं, पण पवित्र शास्त्राच्या प्रती करणाऱ्यांनीही हीच शिस्त पाळली होती. साधारण ६व्या ते १०व्या शतकांत हिब्रू शास्त्राच्या प्रती जपणारे यहुदी पंडित, ज्यांना मॅसोराकार म्हणतात, त्यांना मूळ मजकुरात एखादा शब्द खटकला तर ते तो खोडत नसत. मजकुरात जे लिहिलंय ते तसंच उतरवायचे आणि वाचताना काय म्हणायचं ते समासात टिपायचे. दोन्ही राहायचं. पुढच्या माणसाला दिसायचं की आपल्या हाती काय आलं होतं आणि आपण त्याबद्दल काय समजलो. आमच्या बाप्तिस्म्याच्या वहीलाही हाच नियम आहे. नाव चुकीचं पडलं असेल, पुढं काही बदल झाला असेल, तर मूळ ओळ खरवडायची नाही, शेजारी टीप लिहायची. वहीत कित्येक गावांपुढं जिल्हा आदिलाबाद आहे. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि त्यातली काही गावं आता निर्मल, मंचेरियाल किंवा आसिफाबादेत गेली. म्हणून कुणी जुन्या ओळी बदलत बसत नाही.

पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा तोही आधी हेच स्पष्ट करतो, की मी तुम्हाला दिलं ते माझ्या पदरचं नव्हे, मला मिळालेलं आहे. आम्हा धर्मशिक्षकांना मोह असतो तो आपल्या पदरचं मिसळण्याचा. मुलांना सोपं करून सांगताना, गावात पटेल असं बोलताना, अवघड वाक्य हळूच गाळताना. सोपं करून जरूर सांगावं. पण ते समासात.

पडद्यावर काम पूर्ण झाल्याचा संदेश आला तेव्हा मी उठायला लागलो. त्यानं हात धरून बसवलं. "हे यंत्राचं म्हणणं आहे. आपलं बाकी आहे."

मशीन बंद केली. जुनी डिस्क काढली, नवी तिच्या जागी बसवली. पहिल्यांदा सुरू करताना दोन्ही एकत्र जोडायच्या नाहीत, हेही सांगून ठेवतो. दोघींची आतली ओळखखूण क्लोनमुळे एकच झालेली असते, त्यामुळे विंडोज गोंधळतं आणि कधी जुनीवरूनच चालू होतं. आपण समजतो की नवी चालली. एकटी नवी जोडून कॉम्प्युटर चालू केला, तर वीस सेकंदांत पडदा आला. श्री-लिपीतली गाण्यांची चोपडी उघडली. अक्षर न् अक्षर मराठी. (लॅपटॉपवाल्यांसाठी एक सूचना. त्यात बिटलॉकर चालू असतं पुष्कळदा. क्लोन करण्याआधी ते थांबवावं आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, नाहीतर नव्या डिस्कसमोर कुलूप बघत बसाल.)

मग मोजणी. वह्यांच्या फोल्डरमध्ये जुनीवर २,८४६ फाइली होत्या. नवीवर तितक्याच हव्यात. एकूण आकारही बाइटपर्यंत तोच हवा. त्यानं पुढं जाऊन प्रत्येक फाइलचा चेकसम जुळवला. चेकसम म्हणजे फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून काढलेला एक आकडा, आत एक टिंब बदललं तरी तो बदलतो. मॅसोराकार तरी दुसरं काय करत होते? पुस्तक उतरवून झालं की वचनं मोजायचे, शब्द मोजायचे, अक्षरं मोजायचे. पंचग्रंथाचं बरोबर मधलं अक्षर कोणतं, याचीही नोंद त्यांच्या परंपरेत आहे. अक्षरं मोजणं म्हणजे भक्ती असं आपल्याला वाटत नाही, आपल्याला डोळे मिटून गायलेलं गाणं भक्ती वाटतं. मला त्या दिवशी मोजणाऱ्यांबद्दल फार आदर वाटला.

चेकसमनंतरही मी एक हट्ट केला. वाळवीनं खाल्लेल्या ४६ पानांचा प्रत्येक फोटो नव्या डिस्कवरून उघडायचा आणि वाचायचा. युवा गटातली एक मुलगी मदतीला आली. ती वाचत होती, मी यादीवर खूण करत होतो. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव, धर्म-आईवडील, तारीख. काही नावांशेजारी विवाहाची टीप होती. काहींपुढे क्रूस आणि मृत्यूची तारीख. एका पानावर ती थांबली. तिच्या स्वतःच्या आईचं नाव होतं, लाल टाकानं लिहिलेलं, कारण त्या दिवशी फादरांची निळी शाई संपली असावी. तिनं ते दोनदा वाचलं. ती पानं वाचायला दुपार झाली, आणि ऑफिसात एक पंखा.

आता ती प्रत कुठं राहणार, हा प्रश्न उरतो, आणि इथं फादर स्टीफन्स यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. हे इंग्रज जेज्वीट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले, आणि सुमारे ११,००० ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' त्यांनी लिहिलं. ते १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं, पुढं १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठं उपलब्ध नाही. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सत्तेनं स्थानिक भाषेविरुद्ध हुकूमच काढला. तरी ख्रिस्तपुराण आपल्या हातात आहे ते हातानं केलेल्या प्रतींमुळे. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत जपलेल्या हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये ते छापलं, आणि एक देवनागरी हस्तलिखित लंडनमध्ये विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात मिळालं. छापखाना म्हणजे त्या काळची मोठी ताकद. पण छापलेलं गेलं आणि निरनिराळ्या घरांत, निरनिराळ्या हातांनी उतरवलेलं राहिलं.

म्हणून आमच्या मराठी प्रश्नोत्तरांची, गाण्यांची आणि प्रार्थनांची प्रत आम्ही जो मागेल त्याला देणार आहोत. कुणीही पेनड्राइव्ह घेऊन यावं. जितक्या घरांत जाईल तितकं बरं. वह्यांचं मात्र तसं नाही. त्यात लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत, कुणाचा बाप कोण, कुणाचं लग्न कधी, आणि त्या कुणाच्या मोबाइलमध्ये फिरायच्या नाहीत. त्यांच्या दोनच जादा प्रती केल्या. एक बाहेरच्या डिस्कवर फादरांच्या कुलपात, एक बिशप हाउसमध्ये मंचेरियालला पाठवण्यासाठी. दोन्ही साध्या हार्ड डिस्का आहेत, एसएसडी नव्हेत. एसएसडी रोजच्या वापराला उत्तम, पण विजेशिवाय वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची वस्तू ती नव्हे, तिच्यातला साठा हळूहळू विरतो. शिवाय हार्ड डिस्क बिघडताना बहुधा आवाज तरी करते. एसएसडी पुष्कळदा काही न बोलता एक दिवस बंद पडते, आणि मग तिच्यातून काढून घेणं फार कठीण. नवी, वेगवान वस्तू बसवली म्हणून निश्चिंत झालो, असं होत नाही. दर तीन महिन्यांनी, महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅकअप घ्यायचा असं ठरलंय, आणि ते ऑफिसच्या कॅलेंडरवर सणांच्या रंगातच लिहून ठेवलंय.

जुनी डिस्क अजून फेकलेली नाही. क्लोननंतर निदान महिनाभर तिला हात लावायचा नाही, पुसायचं नाही, दुसऱ्या कामाला लावायचं नाही, कारण नव्यावर काही राहून गेलं असेल तर ते याच महिन्यात लक्षात येतं. मग ती पूर्ण पुसायची आणि त्यानंतरच भंगारात. नुसती डिलीट करून भंगारवाल्याला दिलेल्या डिस्कवरून माहिती परत काढता येते, आणि आपल्या माणसांची नावं कुणाच्या हाती लागू द्यायची नाहीत. सध्या ती एका पाकिटात, पाकिटावर तारीख घालून, फादरांच्या टेबलाच्या खालच्या खणात आहे.

श्री-लिपीतल्या फाइली युनिकोडमध्ये आणण्याचं काम जूनमध्ये सुरू करतोय. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार तपासायला माणसं लागतात. सुट्टीवर आलेल्या कॉलेजच्या मुलामुलींनी शनिवारी संध्याकाळी चारनंतर ऑफिसात यावं. मूळ फाइली बाजूला तशाच ठेवणार आहोत.